वाळूची काच

शमाल तीन दिवस वाहिला.
चौथ्या दिवशी अल ऐनच्या आमच्या शेडमध्ये इंजिन आलं,
तोंडाला केशरी टोपडं बांधलेलं.
खलफान म्हणाला, जोर कमी पडतोय,
वैमानिकाची तक्रार आहे.
एवढंच.

मी नळी आत सरकवली, टोकाला मोहरीएवढा दिवा.
पडद्यावर पाती येत गेली, करंगळीहून जरा मोठी,
आणि प्रत्येकाच्या कडेवर हिरवट थर,
उतू गेलेला चहा शेगडीवर करपावा तसा.
वाळू. आत शिरली पीठ होऊन,
ज्वाळेत पाघळली,
पात्यावर बसली काच होऊन.
रेजीने मोजलं: छिद्रं बहात्तर, उघडी एकोणतीस.

या छिद्रांतून गार वारा येतो
(गार म्हणजे सहाशे अंश, इथे त्यालाच गार म्हणायचं)
आणि पात्याच्या अंगावर विरळ ओढणी पसरतो.
बाहेरचा वायू त्याच्या वितळण्याच्या तीनशे अंश पुढे.
ओढणी आहे तोवर पातं आहे.

आबा कोल्हापूरला, उद्यमनगरात, साचे भरायचे.
मुठीत वाळू दाबून सांगायचे, पाणी जास्त झालंय.
ओतीव तुकडा घणानं फोडून
तुटल्या अंगाचा रवा बघायचे:
बारीक असला तर माल, भरड असला तर भंगार.
त्यांना फोनवर सांगितलं,
आबा, या पात्यात रवाच नसतो.
अख्खं पातं म्हणजे एकच स्फटिक.
बराच वेळ नुसता खोकला.
मग म्हणाले, "रवा न्हाई?
मग खोटं कुठं धरायचं गं?"

ज्यांनी हे पातं काढलं त्यांना मी पत्र लिहिलं:
छिद्रं थोडी मोठी करा, इकडे वाळू आहे.
सात आठवड्यांनी उत्तर आलं, सभ्य.
मोठं छिद्र जास्त वारा पितं,
तेवढा जोर मागून कमी होतो.
लेप जाड केला तर वजन वाढतं,
आणि त्या वेगात एका ग्रॅमचा अर्थ
पात्याच्या टोकाला एक माणूस लोंबकळतोय.
प्रवासी विमान तासन्‌तास एका लयीत जळतं;
तुमचा वैमानिक नळासारखा जोर सोडतो, बंद करतो, सोडतो.
पातं ताणतं, आक्रसतं, ताणतं,
आणि दर वेळी केसाचा एक अंश
परत येत नाही.
खाली सही होती, वाचता न येणारी.
पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे,
हे त्यालाही माहीत असणार,
त्याचेही पाय गारठले असणार.

शुक्रवारी दुपारी खजुराच्या बागेत गेले.
डोंगराखालून फलजचं पाणी येतं, मांडीएवढ्या पन्हळीतून.
दोस्त मुराद फडक्यात गुंडाळलेला दगड काढतो,
दुसरीकडे बसवतो: या झाडाचं बंद, त्या झाडाचं सुरू.
रोज पहाटे गाळ उपसतो, म्हणाला.
मी विचारलं, पन्हळ रुंद का नाही करत?
तो हसला. दातांत खजूर होता.
"मग शेवटच्या झाडापर्यंत
पाणी पळत कसं जाईल?"

सोमवारी चौसष्टातली अठ्ठेचाळीस बाद केली.
लाल चिठ्ठी, तारीख, सही. अठ्ठेचाळीस वेळा.
हे विमान कुठे गेलं होतं, मी विचारलं नाही.
खलफाननं सांगितलं नाही,
आणि चहा मात्र आणून दिला, वेलदोड्याचा.

एका पात्यावरून नखानं कपची सुटली,
माशाच्या खवल्याएवढी.
रेजीनं ती दिव्यासमोर धरली.
तिच्यातून त्याचं बोट दिसत होतं,
हिरवं, थोडं वाकडं.